जाळ्यांचा दाणा आणि फुटलेले आंब्याचे क्रेट : एक प्रकरण अभ्यास

कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना लहान आहे. एक ग्राइंडर, धुण्याची टाकी, दाणा काढायचा सिंगल स्क्रू एक्सट्रूडर (प्लॅस्टिक वितळवून स्क्रूने पुढे ढकलणारं यंत्र) आणि एक इंजेक्शन मोल्डिंग मशीन, एवढाच पसारा. मालवण, देवगड, वेंगुर्ले इथल्या बंदरांवरची टाकाऊ जाळी विकत घ्यायची, कापून, धुऊन त्यांचा दाणा करायचा, त्यात थोडा नवा एचडीपीईचा (जास्त घनतेच्या पॉलिथिनचा) दाणा आणि काळा मास्टरबॅच (रंगाचा दाट दाणा) घालायचा आणि आंबा बागायतदारांसाठी क्रेट काढायचे, हा धंदा काही वर्षं व्यवस्थित चालला होता. समुद्रात किंवा पुळणीवर पडून राहिलं असतं ते जाळं इथे कामी येत होतं. म्हणून हा कारखाना टिकावा असं मला मनापासून वाटत होतं.

मग एका हंगामात क्रेट फुटायला लागले. भरलेला क्रेट टेम्पोतून उतरवताना मूठ तुटून हातात यायची, थप्पीतल्या खालच्या क्रेटचे कोपरे तडकायचे. क्रेट जुने नव्हते, त्याच पावसाळ्यानंतर काढलेले होते. मालकांनी मला बोलावलं तेव्हा त्यांच्या मनात तीन संशयित होते : उन्हाने जीर्ण झालेली जाळी, हलका मास्टरबॅच आणि धुऊनही न गेलेली वाळू. तिन्ही शक्यता खऱ्या असू शकतात. जाळ्यातलं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं उन्हात राहिलं की त्याच्या साखळ्या तुटतात आणि ते ठिसूळ होतं, हे कुणाही तांडेलाला विचारा. पण फुटलेला क्रेट हातात घेतल्यावर मला वेगळंच काही दिसलं. साच्यात प्लॅस्टिक जिथून शिरतं त्या गेटच्या आसपास नखाने खरवडलं तर पातळ पापुद्रा सुटून येत होता. ऊन, वाळू किंवा मास्टरबॅच यांनी माल ठिसूळ होईल, पण असे पापुद्रे सुटणार नाहीत. पापुद्रा सुटतो तेव्हा आत एकमेकांना न धरणारे दोन पदार्थ शेजारी शेजारी असण्याची शक्यता सर्वांत मोठी.

काय बदललं होतं?

महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. नौका वर ओढल्या जातात, जाळी तपासली जातात, शिवली जातात आणि शिवण्यापलीकडे गेलेली भंगारात निघतात. कारखान्याची वर्षभराची खरेदी मुख्यतः याच दिवसांत होते. त्या वर्षी ट्रॉलरची जाळी कमी मिळाली, म्हणून पर्ससीनची (मासळीचा थवा घेरून आवळायची) आणि गिलनेटची (पाण्यात पडद्यासारखी उभी सोडायची) जाळीही त्याच ढिगात घेतली गेली.

ट्रॉलच्या जाळ्याचा दोरा सहसा एचडीपीईचा असतो. पर्ससीन आणि गिलनेट बहुतेक नायलॉनची. दोर बरेचदा पॉलिप्रोपिलीनचे. ढिगात हे तिन्ही एकत्र आले.

पुढचं मालकांनीच सांगितलं. आधी नेहमीच्याच तापमानाला, म्हणजे 200 अंश सेल्सिअसच्या आसपास, माल चालवला. एचडीपीई 130 अंशांच्या सुमारास वितळतं, पॉलिप्रोपिलीन 165 च्या सुमारास. नायलॉन-6 ला मात्र 220 अंश लागतात. त्यामुळे नायलॉनचे तंतू न वितळता पुढे येऊन गाळणीच्या जाळीत अडकायला लागले, दर थोड्या वेळाने जाळी बदलावी लागायची. मग त्यांनी बॅरलचं तापमान 240 पर्यंत नेलं. गाळणी तुंबायची थांबली, यंत्रातून निघणारी प्लॅस्टिकची दोरी सलग यायला लागली, दाणा काळा आणि एकसारखा दिसायला लागला. अडचण सुटली असं वाटलं. "सर, सगळा वितळला, मगे मिसळाक व्हया मा?" हा त्यांचा प्रश्न होता आणि सगळं प्रकरण त्याच प्रश्नात आहे. वितळलं होतं हे खरं. मिसळलं नव्हतं.

नुसतं म्हणून पटत नाही, म्हणून तपासलं

पहिली चाचणी पेटवून बघायची. ती भंगारवाल्यांनाही माहीत असते : एचडीपीई जळताना मेणबत्तीचा वास येतो, नायलॉन जळताना केस जळल्याचा. फुटक्या क्रेटच्या तुकड्याला दोन्ही वास येत होते. इतपत कळलं, पण नायलॉन आत कुठल्या रूपात बसलंय ते यावरून समजत नाही.

त्यासाठी फॉर्मिक आम्ल लागतं. सिंधुदुर्गात ते शोधायला लांब जावं लागत नाही. दोडामार्ग तालुक्यात रबराच्या बागा आहेत आणि रबराचा चीक गोठवायला हेच आम्ल वापरतात. साधारण 85 टक्के तीव्रतेच्या फॉर्मिक आम्लात नायलॉन-6 खोलीच्या तापमानालाच विरघळतं, एचडीपीई आणि पॉलिप्रोपिलीन यांना ते काहीही करत नाही. (हे आम्ल त्वचा जाळतं आणि त्याची वाफ डोळ्यांत जाते. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा यांत कसूर नको.) क्रेटच्या भिंतीचे पातळ काप काढून रात्रभर आम्लात ठेवले. सकाळी काप अखंड होते, मोडले नव्हते, पण भिंगाखाली त्यांच्यावर गोल आणि लांबट खळगे पसरलेले दिसले. वरचं आम्ल पाण्यात ओतल्यावर पांढरा साका खाली बसला. तो नायलॉन.

काप अखंड राहिला याचा अर्थ सलग अंग एचडीपीईचं आहे. खळगे म्हणजे त्यात सुटे सुटे अडकलेले नायलॉनचे थेंब. कापाचं वजन आधी आणि नंतर करून नायलॉनचा हिस्सा काढला तर तो साधारण चौथाई आला. तोही कमीत कमी, कारण पॉलिथिनने पुरतं वेढलेल्या थेंबापर्यंत आम्ल पोचत नाही. काप जितका पातळ, तितका आकडा खरा.

मुंबईतल्या एका प्रयोगशाळेतून औष्णिक चाचणीही (तुकडा तापवत नेऊन कुठल्या तापमानाला काय वितळतं ते टिपणारी) करून आणली. आलेखात वितळण्याची दोन मुख्य शिखरं होती, एक 130 च्या आसपास आणि दुसरं 220 च्या आसपास, दोन्ही आपापल्या मूळ जागी. मधे 165 च्या सुमारास दोरांमधल्या पॉलिप्रोपिलीनचा लहानसा उंचवटा. इथे एक सावधगिरी सांगायला हवी, कारण विद्यार्थी नेहमी घाई करतात. दोन शिखरं दिसली म्हणून वितळलेल्या अवस्थेतही दोन पदार्थ वेगळेच होते असं सिद्ध होत नाही. एकजीव झालेल्या द्रवातूनही थंड होताना दोन पदार्थांचे स्फटिक वेगवेगळे बनू शकतात. खरा निकष काचसंक्रमणाचा, म्हणजे थंड होताना पदार्थ काचेसारखा कडक होतो त्या तापमानाचा : एकजीव मिश्रणाला एकच काचसंक्रमण तापमान असतं, वेगळ्या राहिलेल्या जोडीला दोन. पॉलिथिनचं हे तापमान शून्याच्या शंभराहून अधिक अंश खाली असतं आणि साध्या यंत्रावर ते नीट दिसत नाही. म्हणून मी औष्णिक आलेखापेक्षा खळग्यांवर जास्त विश्वास ठेवला.

निर्णायक चाचणी मात्र सर्वांत साधी होती. त्याच ढिगातली, तितकीच जुनी, तितकीच उन्हात राहिलेली ट्रॉलची जाळी हाताने निवडून फक्त तिचा दाणा काढला, त्याच साच्यात, त्याच मास्टरबॅचसह, तसंच धुऊन. ते क्रेट आपटले तरी वाकले, फुटले नाहीत. ऊन, वाळू आणि मास्टरबॅच हे तिघेही एकदम सुटले.

मिसळत का नाही?

दोन पदार्थ आपणहून एकजीव व्हायचे तर त्यात मुक्त ऊर्जा कमी व्हायला हवी. तिचे दोन भाग. एक, मिसळल्यावर अव्यवस्था किती वाढते. दुसरा, परक्या रेणूच्या शेजारी बसण्याची किंमत किती पडते. पाणी आणि अल्कोहोल यांसारख्या लहान रेणूंमध्ये पहिला भाग भरपूर असतो, म्हणून थोडी किंमत मोजूनही ते मिसळतात. बहुवारिकात, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या लांब साखळ्यांच्या पदार्थात, हा पहिला भाग जवळजवळ नाहीसा होतो. टोपलीत सुटी अबोली आणि सुटा मोगरा घातला तर त्यांच्या मांडणीच्या असंख्य तऱ्हा होतात. तीच फुलं लांब गजऱ्यांत ओवली की प्रत्येक फुलाची जागा शेजारच्या फुलाला बांधली जाते आणि तऱ्हांची संख्या कोसळते. हजारो दुवे असलेल्या साखळ्यांचं हेच होतं.

हे गणित पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स यांनी 1941-42 च्या सुमारास स्वतंत्रपणे मांडलं. फ्लोरींना 1974 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या सिद्धांतात परकेपणाची किंमत एका गुणांकात मांडतात. दोन्ही साखळ्या सारख्या लांबीच्या असतील तर हा गुणांक 2 भागिले दुव्यांची संख्या, याहून कमी असेपर्यंतच त्या कुठल्याही प्रमाणात मिसळतात. एकट्या रेणूसाठी ही मर्यादा 2. हजार दुव्यांच्या साखळीसाठी 0.002.

आता आपल्या जोडीचा हिशोब करू. गुणांक म्हणजे विद्राव्यता निर्देशांकांतल्या (पदार्थाचे रेणू एकमेकांना किती घट्ट धरतात त्याच्या मापांतल्या) फरकाचा वर्ग गुणिले दुव्याचं आकारमान, भागिले वायू स्थिरांक आणि निरपेक्ष तापमान यांचा गुणाकार. पॉलिथिनचा निर्देशांक 16 च्या आसपास, नायलॉन-6 चा ढोबळमानाने 24 धरू. फरक 8, वर्ग 64. दुव्याचं आकारमान मोलमागे 100 घन सेंटिमीटर आणि तापमान 240 अंश धरलं तर गुणांक येतो साधारण 1.5. मर्यादेच्या सातशे पटींहून जास्त. नायलॉनमधल्या हायड्रोजन बंधांना हे सूत्र पुरता न्याय देत नाही, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण सातशेचे पाचशे झाले तरी निकाल बदलत नाही.

मला इथे जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरं उदाहरण, कारण ते अंतर्ज्ञानाला धक्का देतं. पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलीन दोन्ही निव्वळ कार्बन आणि हायड्रोजनची. कुणीही म्हणेल, ही सख्खी भावंडं मिसळतील. पण निर्देशांकात फक्त अर्ध्या एककाचा फरक धरला तरी गुणांक 0.006 येतो, मर्यादेच्या तिप्पट. तीही वेगळी राहतात. 1985 साली फ्रँक बेट्स आणि सहकाऱ्यांनी तर साध्या पॉलिब्युटाडाइनचा ड्युटेरियम घातलेल्या पॉलिब्युटाडाइनपासून विलग होण्याकडे असलेला कल मोजून दाखवला. रासायनिकदृष्ट्या तोच पदार्थ, फक्त हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ. साखळ्या पुरेशा लांब असतील तर इतका सूक्ष्म फरकही पुरतो.

म्हणजे बहुवारिकांत न मिसळणं हा नियम आहे आणि मिसळणं हा अपवाद. अपवाद आहेत आणि ते मोलाचे आहेत. पॉलिस्टायरीन आणि पॉलिफिनिलीन ऑक्साइड कुठल्याही प्रमाणात एकजीव होतात, कारण त्यांना परस्परांचं आकर्षण आहे. नोरिल या नावाचं प्लॅस्टिक त्यावरच उभं राहिलं.

तापमान वाढवून, पुन्हा पुन्हा चालवून

मालकांनी दोन उपाय स्वतः करून पाहिले होते. दोन्ही कुणीही समजूतदार माणूस करेल असेच होते, म्हणून ते का चालले नाहीत हे नीट सांगायला हवं.

उष्णता वाढवली की मिसळणं सोपं होतं, हा अनुभव आपल्याला साखर-पाण्यापासूनचा. बहुवारिकांत तो भरवशाचा नाही. पॉलिस्टायरीन आणि पॉलिव्हिनाइल मिथाइल ईथर यांची फिल्म साध्या तापमानाला पारदर्शक असते आणि पुरेशी तापवली की दुधी होते, म्हणजे गरम केल्याने ती जोडी फुटते. आपल्या जोडीत तर 240 काय आणि 260 काय, सातशे पटींची दरी भरून निघत नाही. उलट नुकसान झालं. नायलॉन पाणी धरून ठेवतं, पाण्यात बुडवून ठेवलं तर वजनाच्या 9-10 टक्क्यांपर्यंत. धुतलेलं जाळं कोकणातल्या पावसाळी हवेत नुसतं पसरून ते सुकत नाही. असं ओलं नायलॉन 240 अंशांना वितळलं की पाणी त्याच्या साखळ्या तोडतं आणि उरलेली वाफ बुडबुडे करते. क्रेटच्या पृष्ठभागावर रुपेरी रेघा होत्या, त्या या वाफेच्या.

दुसरा उपाय म्हणजे तोच दाणा पुन्हा एक्सट्रूडरमधून काढणं. स्क्रूचा कातर, म्हणजे शेजारचे थर एकमेकांवरून सरकवणारा जोर, थेंबांना ताणतो आणि तोडतो, हे बरोबर. जी. आय. टेलर यांनी 1930 च्या दशकातच दाखवलं की थेंब तुटेल की नाही हे एका बाजूला कातर आणि दाटपणा, दुसऱ्या बाजूला पृष्ठताण, यांच्या चढाओढीवर ठरतं. पण थेंब तुटतात तसे एकमेकांना भेटून पुन्हा जुळतातही. थोड्या वेळात तुटणं आणि जुळणं यांचा समतोल होतो, त्यापुढे कितीही फिरवलं तरी थेंब बारीक होत नाहीत. शिवाय मशीन थांबलं, माल बॅरलमध्ये किंवा साच्याच्या गरम वाटेत रेंगाळला की कातर संपतो आणि जुळणं चालूच राहतं. प्रत्येक फेरीत नायलॉनच्या साखळ्या आणखी तुटतात ते वेगळंच.

मग पापुद्रा का? साच्यात शिरताना भिंतीलगत कातर सर्वांत जास्त असतो. तिथे नायलॉनचे थेंब ताणून चपटे, लांब पट्टे होतात आणि थंड भिंतीला लागून तसेच गोठतात. पट्टा आणि भोवतालचं पॉलिथिन यांच्यातली सीमा एक-दोन नॅनोमीटर जाडीची. साखळ्या एकमेकींत गुंतायला यापेक्षा बरीच जास्त जागा लागते. गुंता नाही म्हणजे पकड नाही. कोपऱ्यात आणि मुठीपाशी, जिथे दोन प्रवाह समोरासमोर येऊन जोडरेषा होते, तिथे हीच कमजोरी आडवी पडते. क्रेट तिथूनच फुटत होते.

काय केलं

मुख्य उपाय कारखान्याच्या आधीचा आहे : ढीग एक होऊ द्यायचा नाही. बंदरावरच ट्रॉलची जाळी, नायलॉनची जाळी आणि दोर यांची वेगवेगळी पोती. निवडणाऱ्या बायकांचा हात यात फार तयार होतो. एचडीपीईचा दोरा ताठ आणि मेणचट लागतो, नायलॉन मऊ. त्यांचा निवाडा आणि पेटवून पाहिलेला निकाल मी बऱ्याचदा ताडून बघितला आणि फरक क्वचितच निघाला. या कामाला त्यांना निवडणाऱ्या म्हणून वेगळा दर मिळावा असं मी मालकांना सांगितलं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

हातून निसटलेलं टाकीत पकडता येतं. एचडीपीईची घनता 0.95 च्या आसपास, पॉलिप्रोपिलीनची 0.90 ते 0.91, नायलॉन-6 ची 1.14. पाण्यात पहिली दोन तरंगतात, नायलॉन बुडतं. समुद्राचं पाणी 1.025 च्या आसपास असतं, म्हणजे तेही चालेल. अट एवढीच की जाळं आधी बारीक कापलेलं हवं. अख्ख्या जाळ्याच्या गाठींत हवा अडकते आणि नायलॉनही तरंगतं, किंवा शिसं आणि वाळू अडकून एचडीपीई बुडतं. पाण्यात थोडा साबण टाकला की बुडबुडे सुटतात.

वेगळं निघालेलं नायलॉन कचरा नाही. नायलॉन-6 च्या साखळ्या उलट्या उकलून पुन्हा कॅप्रोलॅक्टम, म्हणजे ज्यापासून त्या बनतात तो मूळ पदार्थ, मिळवता येतं. इटलीतली अॅक्वाफिल कंपनी 2011 पासून टाकाऊ जाळ्यांसह इतर नायलॉनपासून असा धागा बनवते. कारखान्याने नायलॉन स्वतः वापरायचं सोडून गाठोडी बांधून विकायचं ठरवलं. स्वच्छ, एकाच जातीच्या मालाला मिश्र मालापेक्षा भाव चांगला मिळतो.

राहिला आधीच काढलेला मिश्र दाणा. तो फेकायचा नव्हता. त्यासाठी मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिथिन आणलं, वजनाच्या 5 टक्के. त्याच्या साखळीचं अंग पॉलिथिनचं, म्हणून ते पॉलिथिनमध्ये मुरतं. त्यावरचा अॅनहायड्राइड गट नायलॉनच्या टोकाच्या अमाइन गटाशी रासायनिक अभिक्रिया करतो. परिणामी सीमेवरच, एक पाय इकडे आणि एक तिकडे असलेला नवा रेणू तयार होतो. तो पृष्ठताण कमी करतो, पण त्याहून मोठं काम म्हणजे दोन थेंबांना जवळ येऊन जुळू देत नाही. लक्षात घ्यावं, पदार्थ अजूनही दोनच आहेत, एकजीव काही झालेलं नाही. थेंब बारीक झाले आणि त्यांना पकड आली, इतकंच. दाणा आधी 80 अंशांना कित्येक तास कोरड्या गरम हवेत सुकवला. हे टाळलं तर घातलेलं अॅनहायड्राइड पाण्याशीच झगडत बसतं.

नव्या तुकड्यांवर पापुद्रा सुटला नाही. मोडताना ते आधी पांढरे पडून ताणले आणि मग तुटले, म्हणजे आधीच्या काचेसारख्या फुटण्यापेक्षा बरेच चांगले. तरीही आंब्याच्या क्रेटसाठी मी तो माल सुचवला नाही. पूर्वी तुटलेल्या नायलॉनच्या साखळ्या यातून परत जुळत नाहीत. शिवाय सिंगल स्क्रूमध्ये मिसळ ट्विन स्क्रूइतकी नीट होत नाही, त्यामुळे एका पोत्याचा दाणा दुसऱ्यासारखा नसतो. त्या मालाच्या रोपवाटिकेच्या कुंड्या काढल्या.

दोरांचा प्रश्न अर्धाच सुटला आहे. पॉलिप्रोपिलीन आणि एचडीपीई दोन्ही तरंगतात, त्यामुळे टाकी इथे कामाची नाही. अल्कोहोल-पाण्याचं 0.93 घनतेचं मिश्रण त्यांना वेगळं करतं, पण टाकीभर अल्कोहोल कुडाळच्या कारखान्याच्या आवाक्यातलं नाही. 2017 साली अमेरिकेत कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांच्या संशोधकांनी पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलीनचे आलटून पालटून खंड असलेली साखळी बनवली. तिचं 1 टक्का मिश्रणही ही जोडी चिवट करायला पुरलं. ते द्रव्य इथल्या बाजारात पोत्याने मिळेपर्यंत दोर हातानेच निवडायचे. सुदैवाने दोर आणि जाळं डोळ्यांनाच वेगळे दिसतात. चुकून राहिलेल्या थोड्या दोराने क्रेट बिघडत नाही, हे निवडलेल्या मालात मुद्दाम थोडे दोर घालून पाहिलं. आता प्रत्येक नव्या ढिगाचा आधी एक तुकडा साच्यातून काढतात, गेटपाशी नखाने खरवडतात आणि घडी घालून मोडतात. पापुद्रा सुटला तर तो ढीग परत निवडायला जातो.